पर्यायी इतिहासाचे वाचक : ‘गुलामगिरी’, ‘१६१९’ आणि भीमा कोरेगाव

डिसेंबर लागला की तळोज्याच्या सिडको वसाहतीत १ जानेवारीच्या गाड्यांची नावनोंदणी सुरू होते. भीमा कोरेगावला किती बस न्यायच्या, जेवणाचे कोणी बघायचे, लहान मुले घ्यायची की नाही, यावर विहारात रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते. अशाच एका बैठकीत तळोजा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका तरुणाने बॅनरचा मजकूर वाचून विचारले, "इथे पाचशे महार विरुद्ध अठ्ठावीस हजार पेशवे असे लिहिले आहे. पण स्तंभावर मेलेल्यांत महारांची नावे बावीस आहेत, बाकीची इतरांची आहेत. मग पाचशेच्या पाचशे महार होते हे कशावरून?" प्रश्न सरळ होता. उत्तर कोणी दिले नाही. एकाने म्हटले, हा विरोधकांची पुस्तके वाचून आलाय. दुसऱ्याने म्हटले, गाडीत जागा नको असेल तर तसे सांग. तो जरा हसला आणि गप्प बसला. त्या वर्षी तो कोरेगावला आला नाही. पुढे वाचनवर्गातही आला नाही. त्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्हीही काही बोललो नाही.

हा लेख त्या गप्प बसण्यातून निघाला आहे. ज्यांना इतिहासातून वगळले गेले त्यांनी आपला इतिहास स्वतः लिहिला, की वाचणारे त्याच्याशी कसे वागतात? टवाळी, बंदी, कोर्टकचेरी हे विरोधकांकडून होते, ते आपल्याला पाठ आहे. आपल्याच माणसाने शंका काढली तर काय होते, यावर आपण कमी बोलतो. म्हणून अमेरिकेतली दोन आणि आपल्याकडची काही उदाहरणे इथे एकत्र मांडत आहोत. ‘पर्यायी इतिहास’ हा शब्द काही जण ‘असे झाले असते तर’ या धर्तीच्या काल्पनिक कथांसाठी वापरतात. इथे तो अर्थ नाही. घडलेलाच इतिहास, पण राजा, सेनापती आणि पुरोहित यांच्या जागी गुलाम, मजूर, स्त्रिया, अस्पृश्य यांना मध्यभागी ठेवून सांगितलेला, एवढाच अर्थ घ्यावा.

अमेरिकेतली दोन पुस्तके

हॉवर्ड झिन हे ब्रुकलिनच्या गरीब ज्यू कुटुंबातले. तरुणपणी गोदीत काम केले, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होते, नंतर इतिहासाचे प्राध्यापक झाले. अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात, म्हणजे कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजात, ते शिकवत होते. विद्यार्थिनींच्या आंदोलनात सामील झाले आणि १९६३ मध्ये त्यांची नोकरी गेली. १९८० साली त्यांचे ‘अ पीपल्स हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स’ आले. कोलंबसाच्या जहाजाने ते सुरू होते, पण पाहणारे डोळे जहाजावरचे नाहीत, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या अरावाक लोकांचे आहेत. पहिली छपाई काही हजार प्रतींचीच होती. पुढे वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि शाळा-कॉलेजांत ते पोचले.

झिन यांचे निधन जानेवारी २०१० मध्ये झाले. त्यानंतर काहीच दिवसांनी इंडियाना राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर मिच डॅनियल्स यांनी आपल्या अधिकाऱ्यांना ईमेल करून हे पुस्तक राज्यात कुठे शिकवले जात नाही ना, याची चौकशी केली. ते ईमेल २०१३ मध्ये उघड झाले तेव्हा डॅनियल्स पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी झिन यांच्या पुस्तकाचे जाहीर वाचन केले. २०१७ मध्ये आर्कान्सा राज्याच्या विधिमंडळात झिन यांची पुस्तके सरकारी शाळांतून हद्दपार करण्याचे विधेयक आले. ते बारगळले, आणि मधल्या काळात मागणी करणाऱ्या शिक्षकांना पुस्तके फुकट पोचवली गेली. बंदीच्या धमकीने पुस्तकाचा खप वाढतो हा अनुभव सगळीकडचाच.

पण झिन यांच्यावरची सर्वांत टोचणारी टीका उजव्यांनी केलेली नाही. मायकेल काझिन हे डाव्या चळवळींचे इतिहासकार. त्यांनी २००४ मध्ये ‘डिसेंट’ या डाव्याच नियतकालिकात लिहिले की झिन यांच्या पुस्तकात एकीकडे सगळे दुष्ट आणि दुसरीकडे सगळे सोसणारे, एवढेच उरते. मग सामान्य माणसांनी ही व्यवस्था इतकी वर्षे मान्य का केली, याचे उत्तर त्यात सापडत नाही. आम्हाला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण जातिव्यवस्थेबद्दल बोलतानाही नेमका हाच प्रश्न आपण टाळतो. जात फक्त वरून लादली गेली असती तर ती टिकली नसती. बाबासाहेबांनी चढत्या श्रेणीची विषमता अशी मांडणी केली ती यासाठीच, की प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली बघायला कोणीतरी असते.

दुसरे उदाहरण ‘१६१९ प्रोजेक्ट’चे. ऑगस्ट १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकी माणसे विकायला उतरवली गेली. त्या घटनेला ४०० वर्षे झाली तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’ने निकोल हॅना-जोन्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीच्या पुढाकाराने एक विशेषांक काढला. अमेरिकेचा जन्म १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून न मोजता १६१९ पासून मोजला तर काय दिसते, हा त्याचा गाभा. अंक मिळवायला लोकांनी रांगा लावल्या. २०२० मध्ये हॅना-जोन्स यांना त्यातल्या लेखासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

प्रतिक्रिया दोन दिशांनी आल्या. डिसेंबर २०१९ मध्ये गॉर्डन वूड, जेम्स मॅकफर्सन, शॉन विलेंट्झ यांच्यासह पाच नामवंत इतिहासकारांनी पत्र लिहून चुका दाखवल्या. मुख्य आक्षेप एका वाक्यावर होता. वसाहतवाल्यांनी ब्रिटनपासून फुटण्याचे एक प्रमुख कारण गुलामगिरी वाचवणे हे होते, असे त्यात म्हटले होते. संपादकांनी दुरुस्ती नाकारली. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी ‘१७७६ आयोग’ नेमण्याची घोषणा केली. आयोगाचा अहवाल १८ जानेवारी २०२१ रोजी आला आणि दोन दिवसांनी बायडेन यांनी सत्तेवर येताच आयोग गुंडाळला. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो पुन्हा उभा केला. सत्तेला इतिहास किती झोंबतो याचे याहून ठळक उदाहरण शोधायला नको.

या गदारोळात एक आवाज दबला. लेस्ली हॅरिस या कृष्णवर्णीय इतिहासकार. गुलामगिरीच्या इतिहासावरच त्यांचे काम. अंक छापायच्या आधी टाइम्सच्या तपासनिसाने त्यांना त्या वाक्याबद्दल विचारले होते आणि त्यांनी ते बरोबर नाही असे स्पष्ट सांगितले होते. तरी ते छापले गेले. मार्च २०२० मध्ये त्यांनी हे जाहीरपणे लिहिले. त्यात त्यांनी त्या पाच गोऱ्या इतिहासकारांनाही सोडले नाही, कारण त्यांची पिढी ज्या परंपरेतून आली तिने कृष्णवर्णीयांना वर्षानुवर्षे वगळले होते. हॅरिस यांना भीती होती ती अशी की एका चुकीच्या वाक्यामुळे विरोधकांना सगळा प्रकल्पच मोडीत काढायला निमित्त मिळेल. झालेही तसेच. त्यांचा लेख आल्यानंतर काही दिवसांतच टाइम्सने दुरुस्ती केली आणि ‘वसाहतवाल्यांनी’च्या जागी ‘काही वसाहतवाल्यांनी’ असे केले. एक शब्द. तो आधी ऐकला असता तर वर्षभराची लढाई वेगळ्या जागेवर झाली असती.

‘गुलामगिरी’ आणि तिची अर्पणपत्रिका

अमेरिकेच्या इतिहासाशी आपला संबंध आजचा नाही. जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ च्या जूनमध्ये छापून आले. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे. त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी जी उदारता आणि त्याग दाखवला त्याचा किता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवावा, असा तिचा आशय. पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाला अमेरिका कशी ठाऊक? टॉमस पेन त्यांनी तरुणपणी वाचला होता. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहूनच आपणही शाळा काढावी असे त्यांना वाटले, असे त्यांनी पुढे सांगितले. मिशनऱ्यांच्या संगतीत गुलामगिरीविरोधी चळवळ त्यांच्या कानावर येतच असणार.

पुस्तक धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाचे, सोळा भागांचे. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम या अवतारकथा बाहेरून आलेल्या आर्यभटांच्या आक्रमणाचा क्रम म्हणून उलगडल्या आहेत. बळीराजा हा इथला न्यायी राजा, वामन हा कपटी आक्रमक. पुराव्यासाठी जोतीराव पोथ्यांवर थांबत नाहीत. बळीचे राज्य येवो असे ओवाळताना म्हणणाऱ्या बायकांचे शब्द ते साक्षीला घेतात. परशुराम चिरंजीव आहे ना, मग त्याने ठरलेल्या मुदतीत हजर व्हावे, अशी जाहीर नोटीसही ते काढतात. आमच्या वाचनवर्गात हे पान निघाले की हसण्याने बैठक मोडते.

विरोधी वाचक कसे वागले? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या पुस्तकांचा समाचार घेतला तेव्हा भर भाषेवर आणि व्याकरणावर होता. शुद्धलेखन तपासले की आशयाला उत्तर देण्याची गरज उरत नाही, ही युक्ती जुनी आहे आणि आजही आपल्या मुलांच्या लेखांवर वापरली जाते. १९२५ मध्ये पुण्यात जोतीरावांच्या पुतळ्यावरून वाद पेटला. दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका लिहून चिपळूणकर आणि टिळकांवर तिखट हल्ला चढवला. अब्रुनुकसानीचा खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात जवळकर-जेध्यांची बाजू मांडून त्यांना सोडवले ते बॅरिस्टर आंबेडकरांनी.

जोतीरावांचे समग्र वाङ्मय राज्य सरकारच्या साहित्य-संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये काढले, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी. ते हाती आल्यावर टवाळीही नव्याने आली. १९८८ च्या अखेरीस ‘सोबत’ साप्ताहिकात बाळ गांगलांनी फुल्यांवर लिहिले आणि हरी नरक्यांनी पुस्तक लिहून त्याला मुद्देसूद उत्तर दिले. ते उत्तर चळवळीत गाजले ते केवळ रागामुळे नाही. त्यात कागदपत्रे होती.

ज्यांना अक्षर येत नव्हते असे वाचक मात्र आधीपासून होते. सत्यशोधक जलशांतून हा इतिहास गावोगाव गेला. लोकांनी तो ऐकला, पाठ केला आणि स्वतःचा मानला. आपल्या घरात कोणा आजीने बळीराजाची गोष्ट सांगितली असेल तर तीही ‘गुलामगिरी’चीच वाचक.

बाबासाहेब : नमस्कार आणि दुरुस्ती

‘गुलामगिरी’चा सर्वांत मोठा वाचक कोण, तर बाबासाहेब. बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत फुल्यांना त्यांनी गुरू मानले. १९४६ मध्ये त्यांचे ‘हू वेअर द शूद्राज?’ आले. ते त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केले आणि आधुनिक भारतातला सर्वांत थोर शूद्र असा त्यांचा गौरव केला. आता पुस्तकाच्या आत जावे. आर्य नावाचा वेगळा वंश होता, त्याने बाहेरून येऊन इथल्या लोकांना जिंकले आणि जिंकलेले ते शूद्र झाले, हा सिद्धांत बाबासाहेब वेदातले उतारे तपासून खोडून काढतात. शूद्र हे मूळचे क्षत्रियच होते, ब्राह्मणांशी झालेल्या संघर्षात त्यांचे उपनयन नाकारले गेले आणि ते चौथ्या वर्णात ढकलले गेले, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणजे ‘गुलामगिरी’ ज्या पायावर उभी आहे तो आर्य आक्रमणाचा पायाच ते काढून घेतात. तेही जोतीरावांना अर्पण केलेल्या पुस्तकात.

हे आम्ही तरुणांना सांगतो तेव्हा पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची असते. मूलनिवासी मांडणी मानणाऱ्या कार्यकर्त्यांना तर ते आवडतच नाही. काही जण विषय बदलतात. पण पुस्तक सरकारी खंडांमध्ये सगळ्यांच्या समोर आहे. बाबासाहेबांनी जोतीरावांचा हेतू घेतला, ब्राह्मणी वर्चस्वाचा इतिहास लिहिण्याचे त्यांचे धाडस घेतले, आणि त्या काळच्या युरोपीय विद्वानांकडून जोतीरावांनी उचललेला वंशाचा सिद्धांत बाजूला ठेवला. यात अनादर कुठे आहे? स्वतःच्या मांडणीबाबतही ते असेच वागले. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत, जिथे पुराव्याचे दुवे सापडत नाहीत तिथे आपण अनुमानाने पूल बांधला आहे, हे ते लपवत नाहीत. आर्यांच्या प्रश्नावर त्यानंतर पुष्कळ संशोधन झाले आहे, आणि उद्या कोणा आंबेडकरी संशोधकाला बाबासाहेबांचा एखादा निष्कर्ष बदलावा लागला तर ती त्यांचीच पद्धत ठरेल.

अमेरिकेबाबतही हेच घडले. जोतीरावांची अमेरिका उदार गोऱ्या लोकांची होती. ‘गुलामगिरी’ येण्याच्या दोन महिने आधी, १३ एप्रिल १८७३ रोजी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने अनेक डझन कृष्णवर्णीयांना ठार मारले. त्यातले बरेच जण शरण आल्यानंतर मारले गेले. पुण्यात बसून जोतीरावांना हे कळण्याचा मार्ग नव्हता. १८७७ पर्यंत उत्तरेने आपले सैन्य मागे घेतले आणि मुक्त झालेल्या गुलामांना त्यांच्या जुन्या मालकांच्या हवाली केले.

पुढे अमेरिकेच्या विद्यापीठांनी याच काळाचा उलटा इतिहास रचला. कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला ही चूक झाली, त्यांना राज्य करता येत नव्हते, असे त्याचे सार. या मांडणीचे अग्रणी प्राध्यापक विल्यम डनिंग कोलंबिया विद्यापीठात होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथे शिकले त्या काळातही ते तिथेच शिकवत होते. त्याला सविस्तर उत्तर दिले डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ च्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’मध्ये. युद्धात मळे सोडून निघून गेलेल्या गुलामांनी स्वतःच आपली मुक्तता घडवली, तो एक सार्वत्रिक संप होता, असे त्यांनी मांडले. शेवटच्या प्रकरणात शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी काय खोटे शिकवले याचा हिशेब दिला. अमेरिकेच्या मुख्य इतिहास नियतकालिकाने त्या पुस्तकाचे परीक्षणसुद्धा तेव्हा छापले नाही. हीदेखील एक प्रतिक्रिया असते : वाचलेच नाही असे दाखवणे.

बाबासाहेबांनी ही दुसरी अमेरिका पाहिली होती. १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’मध्ये ते निग्रोंचे उदाहरण देतात ते इशारा म्हणून. लिंकनला संघराज्य वाचवायचे होते, युद्धात निग्रोंचा उपयोग झाला, आणि नंतर त्यांना वाऱ्यावर सोडले. अस्पृश्यांनी हे विसरू नये, हक्कांची लेखी हमी आधी मागावी, असा त्याचा रोख. १९४६ च्या जुलैमध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. डू बॉइस यांचे उत्तरही आले. जोतीरावांनी जिच्याकडून आशा घेतली तिच्याकडून बाबासाहेबांनी सावधगिरी घेतली. आपल्या राज्यघटनेतल्या हमींमागे अमेरिकेच्या या फसलेल्या मुक्तीचा धडाही असावा, असे आम्हाला वाटते.

‘रिडल्स’चे दिवस

१९८७ मध्ये राज्य सरकारने बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, काढला. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले. मोर्चे निघाले, प्रती जाळल्या गेल्या, सरकारने परिशिष्ट वगळण्याची तयारी दाखवली. त्याला उत्तर म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलितांचा अतिविराट मोर्चा निघाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे गट त्यात एकत्र चालले. शेवटी परिशिष्ट राहिले, त्याखाली सरकार या मताशी सहमत असेलच असे नाही अशी टीप आली.

आमच्यापैकी अनेकांचे आईवडील त्या मोर्चात होते. एक गोष्ट मात्र आम्ही विचारून पाहिली : त्यातल्या किती जणांनी ते परिशिष्ट नंतर वाचले? बहुतेकांनी प्रामाणिकपणे नाही म्हटले. पुस्तक इंग्रजीत होते, हे खरे कारण आहे. पण पुस्तकाचे रक्षण करणारे हजारो आणि वाचणारे शेकडो, हे चित्र आज मराठी भाषांतरे सहज मिळत असतानाही फारसे बदललेले नाही.

पुन्हा भीमा कोरेगाव

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली शिरूरहून निघालेली कंपनीची तुकडी सुमारे ८०० जणांची होती. त्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० पायदळ, काही घोडेस्वार आणि मद्रासचे तोफखान्याचे लोक. पायदळात महार मोठ्या संख्येने होते, पण मराठे, राजपूत, मुस्लिम आणि ज्यूही होते. पेशव्यांचे एकूण सैन्य २८,००० सांगितले जाते. त्यातल्या सगळ्यांनी गावावर चाल केली नाही, प्रत्यक्ष हल्ला काही हजारांच्या आतला होता आणि त्यात अरब शिपाई पुढे होते. दिवसभर पाण्यावाचून तुकडी लढली. रात्री पेशव्यांचे सैन्य हटले. कंपनीचे पावणेतीनशे लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. स्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. त्यावरच्या मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ते महार.

म्हणजे पाचशेचा आकडा पायदळाचा आहे, महारांचा नाही. हे सांगितल्याने काय कमी होते? ज्या राज्यात महाराच्या सावलीचा विटाळ होता त्या राज्याच्या सैन्यापुढे महार बंदूक घेऊन उभे राहिले आणि त्यांची नावे दगडावर कोरली गेली. या देशात त्याआधी किती महारांची नावे कोणी दगडावर कोरली होती?

स्तंभाचा अर्थही एका दिवसात ठरला नाही. सैन्यातली महारांची भरती बंद झाल्यावर १८९० च्या दशकात गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. आमच्या पूर्वजांनी तुमच्यासाठी रक्त सांडले, आता आम्हाला का नाकारता, हा त्यांचा युक्तिवाद. कोरेगाव हा तेव्हा पुरावा होता, हक्क मागण्यासाठी पुढे केलेला कागद. कांबळ्यांनी तिथे सभा भरवल्या आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे आले. तेव्हापासून तो अभिमानाचा दिवस झाला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

जानेवारी २०१८ मध्ये, लढाईला २०० वर्षे झाली आणि कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला त्याच सुमारास, आनंद तेलतुंबडे यांनी ‘द वायर’वर लेख लिहिला. महारांनी जातीच्या अत्याचाराविरुद्ध पेशवाई संपवली ही मिथके आहेत, शिपाई पगारासाठी शिपाई म्हणून लढले, चळवळीला मिथक लागत असेल पण ते इतिहासाची जागा घेऊ लागले की अस्मितेच्या जाळ्यात आपणच अडकतो, असा त्यांचा मुद्दा. आंबेडकरी वाचक संतापले. वेळ चुकीची आहे, हल्ला झालेल्यांनाच उपदेश का, असे अनेकांनी विचारले, आणि त्यात तथ्य होते. आणखी एक आक्षेप आम्हाला जास्त वजनदार वाटतो : शिपाई कशासाठी लढला यावरच त्याच्या स्मारकाचा अर्थ ठरत नाही. नंतरच्या पिढ्यांनी तिथे जाऊन जे केले तेही इतिहासच आहे. पण या उत्तरांपेक्षा शिव्या जास्त आल्या. लेखात काय लिहिले आहे हे न वाचता तेलतुंबडे कोणाचे हस्तक, यावर लोक बोलले.

पुढे एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांच्यावर यूएपीएखाली गुन्हा लागला. १४ एप्रिल २०२०, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, ते शरण गेले. आमच्या वसाहतीपासून फार लांब नसलेल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहात त्यांना ठेवले गेले. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जामीन दिला आणि २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, ते बाहेर आले. कोरेगावच्या रूढ कथेला ज्याने मिथक म्हटले त्यालाच कोरेगावच्या नावाच्या खटल्यात अडीच वर्षे काढावी लागली. ज्यांनी त्या लेखावरून त्यांना गद्दार म्हटले त्यांतले काही जण नंतर त्यांच्या सुटकेच्या सभांना आले. तो लेख तेव्हा नीट वाचला होता का, हे त्यांना विचारायला मात्र आम्हाला धीर झाला नाही.

तेलतुंबड्यांच्या प्रत्येक निष्कर्षाशी आम्ही सहमत नाही. काझिन यांच्याशी, हॅरिस यांच्याशीही सगळे जण सहमत नसतील. पण हॅरिस यांचे ऐकले नाही म्हणून १६१९ प्रकल्पाला जो फटका बसला तो पाहता, बॅनरवरचा चुकीचा आकडा विरोधकाच्या हाती आपणच का द्यावा?

या वर्षी आमच्या वाचनवर्गाने तीन आठवडे ‘हू वेअर द शूद्राज?’च्या मराठी भाषांतरातली आर्यांवरची प्रकरणे घेतली आणि त्यांच्यासोबत ‘गुलामगिरी’ची पाने. वादावादी झाली, एक बैठक अर्ध्यावर मोडली, पुढच्या आठवड्याला सगळे परत आले. १ जानेवारीच्या बॅनरवर आकडा घालायचा नाही असे ठरले आहे. स्तंभापाशी पोचल्यावर मुलांनी सगळी ४९ नावे मोठ्याने वाचायची, ‘नाक’वाली आणि बाकीचीही. गर्दीत हे कितपत जमेल ठाऊक नाही, म्हणून नावांची छापील प्रत बसमध्ये वाटायची सोय केली आहे. एमआयडीसीतल्या त्या तरुणालाही आम्ही निरोप पाठवला आणि त्या दिवशी गप्प बसलो याबद्दल माफी मागितली. त्या दिवशी रात्रपाळी आहे, सुट्टी मिळाली तर बघतो, असे त्याने कळवले आहे. त्याच्यासाठी खिडकीजवळची जागा राखून ठेवली आहे.